दोनदा दाबला की धरतो

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खंडेनवमी.

जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. उद्यापासून प्रत्येक जण ते आपापल्या सोयीने सांगेल.

१. क्लबच्या शेडमध्ये आज मी अध्यक्ष गहिनीनाथ यांच्या १९६४च्या फियाटचा ब्रेक दाबून पाहिला. पहिल्यांदा पेडल तळाच्या फळीला टेकलं. दुसऱ्यांदा धरलं. पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा तेच.

२. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये त्यांनी गेल्या महिन्यात नवं रबर बसवून घेतलं आहे. नवं म्हणजे न वापरलेलं. डबीवर छापलेलं वर्ष १९६६.

३. मी हे अध्यक्षांना आणि सेक्रेटरी डॉ. हनुमंत यांना सांगितलं. माझ्याकडे ताजं रबर आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, हेही सांगितलं.

४. उत्तर मिळालं की हत्यारं पूजेला बसली आहेत, गाडीला कुणी पाना लावायचा नाही. पूजा उद्या उतरेल, रॅली परत आल्यावर.

५. माझी हत्यारं पूजेत नव्हती. आमच्या घरी ती पूजेला बसत नाहीत.

६. सगळे चहाला गेले तेव्हा मी माझ्या पान्याने मास्टर सिलिंडर सोडवला, डब्यात घातला आणि घरी आणला.

७. उद्या ती गाडी रॅलीत सगळ्यांच्या पुढे इमामपूर घाट उतरणार होती. चालवणार होते माझे वडील.

८. बाबांना सांगितलं. त्यांनी इस्त्री करून खुंटीला लावलेला शर्ट काढला, घडी घातली आणि पेटीत ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

रॅली गेली. घोडेगावपर्यंत जाऊन आली म्हणे. अध्यक्षांची फियाट शेडमध्ये हार घालून उभी राहिली आणि अध्यक्ष दुसऱ्या कुणाच्या तरी जीपमध्ये बसले. फोटोत त्यांचा चेहरा घरचं लग्न मोडल्यासारखा आहे.

बाबा सकाळी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला गेले. धम्मचक्र दिनाला ते दर वर्षी जातात, आणि येताना माझ्यासाठी जिलेबी आणतात. आजही आणली. पुडा आईच्या हातात दिला.

"तिला म्हनावं खाऊन घे," म्हणाले. मी तीन हातांवर उभी होते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

क्लबच्या ग्रुपवर आज बत्तीस मेसेज. एकातही ब्रेक हा शब्द नाही. भावना हा शब्द अकरा वेळा आहे.

हा क्लब काय आहे ते एकदा लिहून टाकते, म्हणजे मनातून जाईल. अठरा सभासद, बावीस गाड्या. त्यातल्या नऊ स्वतःच्या इंजिनावर चालतात, बाकीच्या ट्रेलरवर येतात. दर रविवारी सावेडीत एका सभासदाच्या मंगल कार्यालयामागच्या शेडमध्ये जमायचं. मिसळ. मग बंपरच्या क्रोमबद्दल दोन तास चर्चा. हॉर्नचा आवाज मूळचा आहे की नंतरचा, यावर दोघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. डॉ. हनुमंत दातांचे डॉक्टर आहेत. दिव्यांच्या कडा ते दवाखान्यातल्या बारीक ब्रशने घासतात आणि ते कौतुकाने सांगतात. त्या दवाखान्यात दात दाखवायला मी जाणार नाही.

पुण्याहून एक परीक्षक येतात आणि मूळपणाला मार्क देतात. रंग मूळचा, काच मूळची, स्क्रूसुद्धा मूळचा. म्हणून गहिनीनाथांनी कुठून तरी त्या काळचा बंद डबा मिळवला, ब्रेकच्या रबरांचा. डबा उघडायचा समारंभ केला. नारळ फोडला. पिवळ्या पडलेल्या कागदातून रबर निघालं तेव्हा टाळ्या वाजल्या. मी नागापूरच्या एमआयडीसीत रबराचे सील तपासते. आठवड्याचे सहा दिवस तेच करते. मी तिथेच सांगितलं, रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. कडक होतं, त्याची कड सिलिंडरला चिकटून राहत नाही, ब्रेक ऑइल मागे निसटतं.

"दीपा मॅडम," गहिनीनाथ म्हणाले, "कंपनी पॅक आहे. हवा लागलेली नाही त्याला."

"रबर आहे ते. लोणचं नाही."

कुणीतरी हसलं. ते नाही हसले. माझी तपासणीची सही लागतेच, असा क्लबचा नियम आहे. मी सही केली नाही. मग कळलं की अध्यक्षांच्या गाडीला सही लागत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज शेडला गेले नाही. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत माझी स्वतःची फियाट घोडीवर उभी आहे, चारही चाकं काढलेली. दिवसभर तिच्यापाशी होते. घोडेगावच्या कडूबाईंकडून घेतली. त्यांच्या गोठ्याशेजारी ती गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. कडूबाई म्हणाल्या होत्या, "ने बाई, पन मला पह्यले खुराडं करून दे." मी पत्र्याची दोन खुराडी करून दिली. चांगली झाली होती.

बाबांबद्दल लिहायचं टाळते आहे.

एस.टी.त लागण्याआधी बाबा तीन वर्षं गहिनीनाथांच्या वडिलांकडे ह्याच फियाटवर ड्रायव्हर होते. वडील मागे बसायचे. गहिनीनाथ तेव्हा शाळेत होते, बाबाच सोडायचे. नंतर एस.टी.त चौतीस वर्षं, एकही अपघात नाही. आता रिटायर. जुलैमध्ये गहिनीनाथांना जुना फोटो सापडला: बॉनेटशेजारी बाबा, पांढरा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी. तेव्हापासून त्यांनी हट्टच धरला. ओरिजिनल गाडी, ओरिजिनल ड्रायव्हर. परीक्षक खूश होतील. फोटो दाखवून तशीच टोपी शिवून घेतली.

बाबा आधी नाहीच म्हणत होते. "आता काय ते सोंग," म्हणाले होते. ऑगस्टमध्ये गहिनीनाथांनी बंगल्यावर बोलावलं तेव्हाही नाही सांगायलाच गेले, आणि येताना हो म्हणून आले. मला त्यांचा राग आला. लगेच बोलले नाही, कारण त्याच आठवड्यात क्लबने मला तांत्रिक तपासणी प्रमुख केलं आणि मी त्या गडबडीत होते. माझा अर्ज दोन वर्षं पडून होता. उशिरा का होईना, कुणीतरी माझं शिक्षण वाचलं.

सप्टेंबरमध्ये बाबांनी सराव म्हणून गाडी सावेडीत फिरवली. मी विचारलं, पेडल कसं आहे?

"दोनदा दाबला की धरतो."

"बाबा, एका दाबात धरायला पाहिजे."

"एस.टी.त काय येगळं हुतं? तू सही कर गं. तुला ठिवलीय त्यांनी, मानानं ठिवलीय. पयल्याच गाडीला नाट लावू नको."

टोपी त्यांनी आरशासमोर घालून पाहिली होती. आई हसली. त्यांनी ती जरा तिरकी केली. मी खोलीतून निघून गेले.

आता जे लिहायचं टाळत होते ते. बुधवारी मी तो ब्रेक पाच वेळा दाबून पाहिला. बाकी कुठलीही गाडी मी दोनदा तपासते. पाच वेळा का? शेजारच्या सीटवर ती टोपी हळदकुंकू लावून ठेवली होती. हत्यारांबरोबर तिचीही पूजा केली होती त्यांनी. मी सिलिंडर ब्रेकसाठी काढला की टोपीसाठी?

ब्रेक खराब होता हे खरं आहे. तेवढ्यावर थांबते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत साहेबांना विचारून ते रबर आमच्या लॅबमध्ये तपासलं. कडकपणा ८६. ताज्याचा ६८. ताणल्यावर कडेला केसाएवढी चीर दिसली. चीर आधीची की माझ्या ताणण्याने पडली, हे मला सांगता येणार नाही. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. डॉ. हनुमंतांना एवढी एकच ओळ समजेल, हे माहीत असूनही लिहिलं.

सिलिंडर आतून घासून स्वच्छ केला, ताजं रबर बसवलं, हवेच्या दाबावर तपासला. उत्तम आहे. आता परत देईन.

घरी बाबा अजून आईमार्फत बोलतात. "तिला मीठ दे." "तिला इचार, दिवा बंद करू का." आम्ही तिघं एका सतरंजीवर बसून जेवतो.

आईला म्हटलं, मी त्यांचा जीव वाचवला, आणि हे रुसून बसलेत.

आई भाकरी थापत होती. "त्यांनी तुझ्यासाठी मागून आनलं," म्हणाली, "आन तू पान्यानं खोललंस."

मी तिला समजावून सांगितलं की सिलिंडर कुणी मागून आणलेला नव्हता, तो गाडीतच होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुसरी भाकरी घेतली. आईला यंत्रातलं काही सांगण्यात अर्थ नसतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉ. हनुमंत संध्याकाळी आले. आमच्या भिंगारच्या घरी क्लबचं माणूस पहिल्यांदाच. बूट दारातच काढावेत की आत आणावेत, हे त्यांना बराच वेळ ठरवता येईना. मग नोटीस दिली: पूजेच्या दिवशी अध्यक्षांच्या वाहनाला हत्यार लावून सभासदांच्या भावना दुखावल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.

"मॅडम, हे मनावर घेऊ नका. फॉर्मॅलिटी आहे."

"रिपोर्ट वाचला?"

"वाचला ना. छान आहे. बाइंडिंग पण छान आहे." मग घरात कोण आहे ते बघून हळू आवाजात, "खरं सांगू का, तुम्ही आम्हाला फोन करून सांगायचं. आम्ही काहीतरी मार्ग काढला असता."

"मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही हातात झेंडूची माळ घेऊन उभे होता."

ते चहा फुंकत बसले. आई दारात उभी होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात सुया बी पूजेला बसल्या आसतील."

"हो हो, सगळं इन्स्ट्रुमेंट बसवतो आम्ही."

"मंग त्या दिशी कुनाचा दात दुखला तर?"

"नाही, म्हणजे... एक सेट बाजूला ठेवतो. इमर्जन्सीला."

आईने साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. आतल्या खोलीत बाबा खोकले. मला तो खोकला वाटला.

सिलिंडर मी दिला. रबर ताजं आहे, पुण्याच्या परीक्षकाला बाहेरून दिसणारसुद्धा नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जाताना बाबांकडे डोकावून म्हणाले, "बन्सीकाका, साहेब विचारत होते तुम्हाला."

"नाथसाहेबांना नमस्कार सांगा," बाबा म्हणाले. बसूनच म्हणाले. गहिनीनाथ त्यांना बन्सी म्हणतात, नुसतं. वयाने दहा वर्षांनी लहान आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

खुलासा पाठवला. एक तारखेचे इथले आठ मुद्दे जसेच्या तसे उतरवले. आठवा वगळला. तो त्यांचा विषय नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

क्लबचा माणूस एक पाकीट देऊन गेला. त्यात माझं ताजं रबर, टिशू पेपरमध्ये गुंडाळलेलं, आणि चिठ्ठी: सधन्यवाद परत.

म्हणजे मी बसवून दिलेला चांगला सिलिंडर त्यांनी मुद्दाम उघडला, चांगलं रबर काढलं आणि त्याच डब्यातलं दुसरं १९६६चं बसवलं. हत्यारांची पूजा उतरली आहे, तेव्हा आता पाने चालतात. मी हे पाकीट लॅबमध्ये टेबलावर लावून ठेवणार आहे. नव्या मुलांना रबराची कडकपणा-चाचणी शिकवताना उपयोगी पडेल. माणसांचाही कडकपणा तसा मोजता आला असता तर बरं झालं असतं.

हनुमंतांना फोन केला. "मॅडम, सव्वीस तारखेला परीक्षक येतायत. उघडून बघितलं तर मार्क जातात ना." उद्या दसऱ्याची राहिलेली फेरी काढणार आहेत म्हणाले. ड्रायव्हर मिळाला आहे.

मी म्हटलं, त्या ड्रायव्हरला सांगा.

"सांगितलंय. दोनदा दाबायचा."

१२ ऑक्टोबर, रविवार

फियाट इमामपूर घाट उतरली. काही झालं नाही. घोडेगावला वडे खाऊन परत वर चढली. ग्रुपवर व्हिडिओ आहे, खाली लिहिलं आहे: ब्रेक एकदम ओके, आणि हात जोडलेल्या तीन बाहुल्या.

एकदा उतरली म्हणजे उतरते, असं सिद्ध होत नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं आणि पुसलं. वाट बघत होते की काय मी? गाडी कठड्याला घासायची, कुणाला लागायला नको, फक्त घासायची. असं माझ्या मनात दिवसभर होतं. व्हिडिओ मागच्या गाडीतून काढलेला आहे. पहिल्यांदा बघताना मी प्रत्येक वळणाला त्या घासण्याची वाट बघत होते. तसं बघू नये, हे मला समजतं.

ड्रायव्हर कुठल्या तरी एजन्सीचा पोरगा आहे. फोटोत टोपी त्याला कानांपर्यंत येते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रात्रीचं जेवण झाल्यावर आईने बाबांना तो व्हिडिओ दाखवला. तिच्यापर्यंत कुणी पाठवला कोण जाणे. मी भांडी पुसत होते.

"आवो, बघा की तुमची गाडी."

बाबांनी चष्मा लावला. गाडी घाटात शिरली तसे पुढे सरकून बसले. "आरं, तिसऱ्यात काय आनतो," पडद्याला म्हणाले. "दुसऱ्यात टाक. येडा हाय का." संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

आईने परत लावला.

"परत."

तिसऱ्यांदा ते बोट पडद्यावर धरून बघत होते.

"दोनदा पेटतोय," ते म्हणाले.

"काय दोनदा?" आईने विचारलं.

"मागचा लाल दिवा. वळन आलं की पेटतो, इझतो, परत पेटतो. ह्या वळनाला बघ. आता ह्या. दर टायमाला." मग म्हणाले, "पयल्यांदा तेचा पाय खाली रिकामा जातोय. तेवढ्यात गाडी किती फुडं जातीय बघ."

मी व्हिडिओ चार वेळा बघितला होता. दिव्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी कठड्याकडे बघत होते.

बाबांनी फोन आईला दिला, चष्मा काढला. माझ्याकडे पाठ होती त्यांची.

"टोपीचं मी बघितलं आसतं," आईला म्हणाले. "टोपी काय, घाट सुरू झाला की काढून शीटवर टाकली आसती. कोन बघतंय. ते मागं बसनार, मी म्होरं. मला ती गाडी घाटातून न्यायची हुती. तवा कदी नेली न्हाई. मालक म्हनायचे घाटात नको, गाडी तापती. तीन वर्सं नुसती बाजारात आन शाळंत."

आई म्हणाली, "हे तिला सांगा की."

"तिला सगळं म्हाईत आसतंय," बाबा म्हणाले, आणि झोपायला गेले.

मी भांडी पुसून झाल्यावर ती परत पुसली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे उठून माझ्या गाडीचं उरलेलं काम केलं. त्यांनी परत पाठवलेलं रबर टेबलावर लावायचा बेत रद्द. ते चांगलं रबर आहे. माझ्याच मास्टर सिलिंडरमध्ये बसवलं.

मग पुढची चिठ्ठी लिहून बाबांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली. तोंडाने सांगता आलं असतं. दोनदा सुरुवात केली होती. शब्द इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी काय म्हणाले त्याबद्दल नंतर गोंधळ नको.

बाबा,

माझ्या गाडीच्या चारही चाकांना आणि मास्टर सिलिंडरला ताजी रबरं बसवली आहेत. ब्रेक ऑइल भरलं आहे. आता पाइपमधली हवा काढायची आहे. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. आजवर मी नळी आणि बाटली लावून ते एकटीने करत आले. त्यात थोडी हवा राहते.

रविवारी सकाळी पेडलवर तुम्ही बसावं. मी "दाबा" म्हटलं की दाबायचं, आणि "सोडा" म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. पेडल पहिल्याच दाबात धरतं की नाही ते तुम्ही तपासायचं. तुम्ही नाही म्हणालात तर गाडी बाहेर काढणार नाही.

धरलं, तर इमामपूर घाट उतरून घोडेगावला जाऊ. कडूबाईंची खुराडी टिकली का ते बघायचं आहे. गाडी तुम्ही चालवायची. मी शेजारी बसेन. आईला मागे बसायचं असेल तर सीट धुतली आहे, पण वास पूर्ण गेलेला नाही. टोपीचं तुम्ही बघा.

येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत मला सांगावं. आईमार्फत नको.

दीपा